पॅकिंग बदललं तरी तेल थांबेना: कॉन्टेसाचं जुनं इंजिन आणि बुजलेलं नाक

तीन वेळा चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचं, पॅकिंग, दोन वेळा वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, एकदा पुढचं ऑइल सील. एवढं करूनही गाडी रात्री उभी केली की सकाळी सारवलेल्या अंगणात बशीएवढा काळा डाग. आई म्हणायची, एवढ्या जागेत गाय बांधली असती तर निदान शेण तरी मिळालं असतं.

गाडी म्हणजे कॉन्टेसा, पहिल्या पिढीतली. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ मध्ये ती आणली तेव्हा वरची बॉडी व्हॉक्सहॉल व्हिक्टरची होती आणि बॉनेटखाली ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन. लांब नाक, रुंद छाती, चार दिवे; बघणाऱ्याला वाटावं आता ही डांबर उपटत जाईल. प्रत्यक्षात ताकद पन्नास घोड्यांच्या आसपास. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन नंतर आलं. त्या इंजिनाच्या गाड्यांना इथलं सगळंच लागू होणार नाही, पण गळती कशी शोधायची तो भाग लागू होईल. ॲम्बेसेडर पेट्रोल ठेवणाऱ्यांनी मात्र हे आपलंच समजून वाचावं. १९५५ मध्ये एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार निघाली ती याच इंजिनावर, आणि तिचे मालकही अजून गाडीखाली पुठ्ठा टाकूनच ठेवतात.

आमचं गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. गाडी कापसाच्या खोलीला लागून असलेल्या शेडमध्ये उभी असते. ही जागा मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या गळतीचं मूळ त्या शेडमध्येच निघालं.

आधी कुठून गळतं ते बघा, कुठं ओलं आहे ते नाही

पहिल्या दोन्ही खेपांना मी इथंच फसलो. चेंबर ओलं दिसलं म्हणून चेंबर खोललं. पण तेल वरून खाली येतं आणि पंख्याचा वारा ते मागं ढकलतो. टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून सुटलेला थेंब ब्लॉकच्या कडेनं घरंगळत चेंबरच्या मागच्या बोल्टावर येऊन लटकतो. तुम्ही खालून बघता आणि म्हणता, गेलं चेंबरचं पॅकिंग.

म्हणून आधी इंजिन स्वच्छ धुवा. घासलेट आता कुठं मिळत नाही, डिझेल आणि जुना पेंट ब्रश चालतो. डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधा, कार्ब्युरेटरचं तोंड झाका. पुसून दोन तास उन्हात कोरडं होऊ द्या आणि मग सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर फुंका. आता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. नुसती उभ्यानं चालू ठेवून भागत नाही, थोडा चढ किंवा वेग हवा. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट काळ्या ओहोळासारखी स्पष्ट दिसते. तो ओहोळ खालून वर शोधत जा. तो सुरू होतो तिथं तुमची गळती. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाकाखाली दगड आणि चॅसीखाली सागाचे ओंडके लावल्याशिवाय मी पाय पसरत नाही.

मी हे केलं तेव्हा पावडरीत एक नव्हे, पाच ओहोळ दिसले. टॅपेट कव्हर, बाजूच्या दोन्ही प्लेटा, पुढची पुली आणि मागं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच). एका वेळी पाच ठिकाणची पॅकिंग मरत नाहीत, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी पॅकिंगच बदलत राहिलो.

नाक बुजलेलं इंजिन

डिसेंबरात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो. वर पोहोचलो तेव्हा गाडीत जळक्या तेलाचा वास भरला होता आणि एक्झॉस्ट पाइपवरून धूर निघत होता. गरम एक्झॉस्टवर तेल टपकणं ही मजेची गोष्ट नाही, अशानं आग लागते. तिथंच ठरवलं की आता पॅकिंग विकत घेणं बंद.

हिंगणघाटला एक म्हातारे मिस्तरी आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि तेल भरायचं झाकण काढलं. भसकन धूर आला, वाफाळत्या चहाच्या किटलीसारखा. चाचा म्हणाले, "हे पाय. याचं नाक बुजलं हाय. तू त्याले दमच घेऊ देऊन नाही राह्यला, मंग ते जागा दिसन तिकून फुटन नाही तं काय करन?"

त्यांचं म्हणणं यंत्राच्या भाषेत असं. कुठल्याही इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या इंजिनाच्या पोटात, झिरपतोच. नव्यातही झिरपतो, जुन्यात जास्त. तो बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. या इंजिनात माझ्याकडे दोन वाटा आहेत. टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी एअर क्लीनरला जाते, आणि बाजूच्या पुढच्या प्लेटवरून एक लोखंडी पाइप खाली रस्त्याकडे तोंड करून उतरतो. गाडी धावताना त्या पाइपाच्या तोंडावरून जाणारा वारा आतला वायू ओढून घेतो. या वाटा बंद झाल्या की वायू आत कोंडतो आणि दाब वाढतो. मग तो दाब जिथं सांधा दुबळा असेल तिथून तेलासकट बाहेर येतो. म्हणूनच घाटात गळती वाढते: इंजिनावर भार आला की खाली झिरपणारा वायू वाढतो. आणि म्हणूनच नवं पॅकिंग पंधरा दिवस टिकतं आणि पुन्हा ओलं होतं. दोष त्या पॅकिंगचा नसतोच.

ही तपासणी घरी करायला पाच रुपयेही लागत नाहीत. डॉक्टरांकडे मिळतो तसा रबरी हातमोजा आणा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, तेलाचं झाकण काढून त्या तोंडावर मोजा ओढून बसवा. मोजा लोळागोळा पडून राहिला किंवा हलका थरथरला तर श्वास ठीक. पाच बोटं फुगवून तो तुम्हाला हात दाखवू लागला तर आत दाब आहे. आता खाली जाणारा पाइप प्लेटवरून काढून टाका आणि पुन्हा बघा. मोजा बसला, तर पाइपच बुजला होता. पाइप काढूनही मोजा तसाच फुगलेला, तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता मोठी.

माझा मोजा पाइप काढताच मान टाकून पडला. पाइपात सळई घातली तर एका वितीवर अडकली. आपटून बाहेर काढलं ते काय, तर मातीचा दगडासारखा लांबट खडा. फोडला तर आत वाळलेले कोळी. कुंभारीण माशी! पावसाळ्यात ओल्या मातीच्या गोळ्या आणून ही बाई भिंतीत, खिडकीच्या भोकात, कुलपाच्या किल्लीच्या जागी घर करते, आत पिल्लांसाठी कोळी भरून तोंड लिंपून टाकते. गाडी मृगापासून दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभी होती. तिला बोटाच्या जाडीचा, अंधारा, खाली तोंड असलेला पाइप आयताच मिळाला. वरच्या अर्ध्या भागात कापसाच्या तंतूंचा आणि तेलकट धुळीचा लगदाही होता. तो सरकी शेजारीच साठवण्याचा प्रसाद. बाजूच्या प्लेटच्या आत तारेची जाळी असते, तेल अडवून वायू जाऊ देण्यासाठी. तीही काजळीनं पूर्ण बसली होती. पेट्रोलमध्ये रात्रभर भिजवून ब्रशनं घासली तेव्हा उजेड आरपार दिसला.

एवढं केल्यावर, एकही पॅकिंग न बदलता, पाच ओहोळांचे दोन झाले.

मोजा फुगलेलाच राहिला तर पुढचं काम कॉम्प्रेशन मोजण्याचं. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगांतून गळतंय, कारण तेलानं थोड्या वेळापुरती ती फट बुजली. तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघा. माझे चारही सिलिंडर १२० ते १३० पीएसआयमध्ये होते आणि फार वाढले नाहीत, म्हणून मी सुटलो. रिंगा गेलेल्या असतील तर सीलवर पैसे घालवू नका, रिंगांचं काम होईपर्यंत खाली डबा ठेवा. बाटलीतलं "गळती थांबवा" औषधही नको. ते रबर फुगवतं आणि कालांतरानं तेच रबर मऊ होऊन फाटतं.

उरलेले सांधे

आता पॅकिंगांकडे. या इंजिनात बाजूच्या प्लेटा सगळ्यात फसव्या. त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पोटाखाली असतात, दिसत नाहीत, आणि तिथल्या उष्णतेनं कॉर्क भाजून निघतो. प्रत्येक प्लेट मधोमध एकाच बोल्टावर बसते. गळती दिसली की माणूस तो बोल्ट आवळतो. आवळला की पत्र्याचं पोट आत जातं आणि कडा उचलल्या जातात. कडा उचलल्या की आणखी गळतं. मग माणूस आणखी आवळतो. या बोल्टाला फक्त २ फूट-पौंड ताण सांगितलेला आहे, म्हणजे छोटा पाना दोन बोटांनी धरून जेवढा बसेल तेवढाच. वाकलेली प्लेट जाड काचेवर उपडी ठेवा, कडेखालून उजेड दिसतो का बघा, आणि लाकडी हातोड्यानं हळूहळू सरळ करा. कॉर्क प्लेटच्या बाजूला गॅसकेटच्या चिकटद्रव्यानं चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. ब्लॉकच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट. त्या बोल्टाखालचा वायसरही नवा घाला, तिथूनही पाझरतं.

वरचं टॅपेट कव्हर त्या मानानं गरीब. दोन नटांवर बसतं, ताण ४ फूट-पौंड. नटांखाली रबरी बुश आणि वाटीसारखा वायसर असतो. ते रबर लाकडासारखं कडक झालं की तेल तिथून वर येतं, कव्हरवरून वाहतं आणि पॅकिंगचं नाव बदनाम होतं. दहा रुपयांचे बुश आधी बदला. इथंही चिकटद्रव्य फक्त कव्हरच्या बाजूला, म्हणजे टॅपेट सेट करायला कव्हर उघडलं तरी पॅकिंग फाटत नाही.

चेंबरच्या पॅकिंगमध्ये दोन लांब बाजूचे तुकडे आणि पुढच्या-मागच्या मेन बेअरिंग कॅपवर बसणाऱ्या दोन कॉर्कच्या पट्ट्या असतात. चारही तुकडे जिथं भेटतात ते चार कोपरे गळतात, आणि फक्त त्या कोपऱ्यांतच तुरीच्या दाण्याएवढं आरटीव्ही सिलिकॉन लावायचं. बाकी सगळीकडे लाल सिलिकॉनचा हार घालण्याची आपल्याकडे फार आवड. दाबला की तो जेवढा बाहेर येतो तेवढाच आतही जातो, तिथं तुटतो, आणि त्याच्या अळ्या तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. माझ्या जाळीतून अशा सात-आठ लाल अळ्या निघाल्या. कुणी घातल्या हे विचारू नका. तीन खेपांतली एक खेप मी स्वतः केली होती.

आमच्या उन्हात कॉर्कची एक वेगळी भानगड आहे. दुकानात खिळ्याला टांगलेलं पॅकिंग मे महिन्यातल्या ४५ अंशांत वाळून आकसतं, आणि भोकं बोल्टांशी जुळत नाहीत. ओढून बसवाल तर चिरतं. पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, भोकं जुळतात. चेंबरची कड तर तपासाच: वर्षानुवर्षं आवळून प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर आलेला असतो, मोदकाच्या कळीसारखा. आमच्या लोहाराच्या ऐरणीवर ठेवून अर्ध्या तासात सगळी भोकं सपाट झाली. बोल्टांचा ताण ६ फूट-पौंड, दोन-तीन फेऱ्यांत, मधून टोकांकडे.

पुढच्या पुलीमागचं सील बदलताना दोन चुका होतात. एक, टायमिंग कव्हर आधी आवळून मग पुली ठोकणं. कव्हर केसभर इकडेतिकडे सरकलेलं असतं, सील एका बाजूनं दबतं आणि महिन्यात गळतं. कव्हरचे बोल्ट सैल ठेवा, पुली सीलमध्ये सरकवा, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि मगच बोल्ट आवळा. दुसरी, क्रँकवरची ऑइल थ्रोअरची, म्हणजे तेल सीलपासून दूर फेकणारी, चकती उलटी बसवणं. तिच्यावर इंग्रजी एफ अक्षर कोरलेलं असेल तर ती बाजू पुढं, पंख्याकडे. पुलीच्या ज्या भागावर सील फिरतं तिथं नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर कितीही महाग सील टाका, थांबणार नाही. पातळ स्टीलची बाही चढवावी लागते किंवा पुली बदलावी लागते. ॲम्बेसेडरची पुली नागपुरात जुन्या सामानाच्या दुकानात सापडते.

ऑइल फिल्टरच्या भांड्याची गोष्ट लहान, पण एका शेजाऱ्याचं सगळं तेल तिनं रस्त्यावर सांडलं. भांड्याच्या वरच्या खोबणीत रबराची रिंग असते. ती काळी पडून खोबणीशी एकजीव होते आणि दिसत नाही. फिल्टर बदलणारा नवी रिंग तिच्यावरच बसवतो. दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि दाब आला की तेलाची पिचकारी उडते. सुईनं जुनी उकरून काढा. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर मात्र दरवेळी नवा घ्यायची गरज नाही; गॅसच्या शेगडीवर लाल करून गार केला की पुन्हा मऊ होतो.

मागची गळती, आणि जिला हात लावू नये

बेलहाउसिंगच्या खाली एक भोक असतं, त्यात एक सैल कॉटर पिन लटकत असते. ती हलत राहून भोक मोकळं ठेवते. कुणी तरी विसरून गेलं असं समजून उपटू नका. तिथून टपकत असेल तर आधी थेंब बोटावर घेऊन वास घ्या. माझ्या गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल आहे, त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तसा वास आला तर गळती गिअरबॉक्सची. इंजिन ऑइल असेल तर इंजिनाच्या बॅक प्लेटचं पॅकिंग आणि मागचं मेन बेअरिंग, या दोघांवर संशय.

आणि इथं एक गोष्ट समजून घेतली तर पुष्कळ पैसे वाचतील. या इंजिनाच्या मागच्या बाजूला रबरी सील नाहीच. क्रँकवर स्क्रूसारखे आटे कापलेले आहेत, ते फिरताना तेल पकडून परत चेंबरकडे ढकलतात. क्रँक फिरत असताना ही रचना काम करते, थांबली की तिचा काही उपयोग नाही. आतून वायूचा दाब असेल तर ती फिरतानाही हरते. नाक मोकळं केल्यावर माझी मागची गळती निम्म्याहून कमी झाली ती यामुळेच. तेल खुणेच्या वर भरू नका, गाडी उताराला तोंड वर करून उभी करू नका. पातळ नव्या जातीचं तेल या इंजिनात घालू नका, २०डब्ल्यू५० पुरेसं. पुतण्यानं एकदा त्याच्या नव्या गाडीचं उरलेलं ५डब्ल्यू३० प्रेमानं ओतलं होतं. दोन दिवसांत अंगण बघण्यासारखं झालं. डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय का ते बघा. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल चेंबरमध्ये जातं आणि तेल पातळ करतं. गळतीपेक्षा बेअरिंगांना त्याचा जास्त धोका.

एवढं सगळं ठीक असूनही मागून रात्रभरात दोन-तीन थेंब पडत असतील, तर इंजिन उतरवू नका. तेवढ्यासाठी क्लच, गिअरबॉक्स सगळं खाली घेणं म्हणजे मच्छर मारायला तोफ लावणं. लांब प्रवासातही तेलाची पातळी हलत नसेल तर मी त्याला गळती म्हणत नाही.

पाइपाच्या तोंडाला आता मी जाड जाळीचा तुकडा क्लिपनं बसवला आहे. बारीक जाळी नको, कापसाचा तंतू तिच्यावर चिकटून पुन्हा तेच होतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तोंडावर चिंधी बांधतो आणि तिचाच एक लाल तुकडा स्टिअरिंगला अडकवून ठेवतो, नाही तर चिंधी विसरून इंजिन चालू करायला मी कमी नाही. दर तेल बदलीला मोजा लावून बघतो.

आजची परिस्थिती: खाली जुनी परात ठेवलेली असते, सकाळी तिच्यात दोन थेंब. आईनं परवा विचारलं, ही परात परत कधी मिळणार.